सदरा मला मोठा होतो

दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात एक प्रश्न वर्षानुवर्षं ठाण मांडून बसला आहे: वाक्यातला ‘टू’ काढून टाका. ‘ही इज टू वीक टू वॉक.’ उत्तर ठरलेलं: ‘ही इज सो वीक दॅट ही कॅनॉट वॉक.’ टू गेला, सो आला, दॅट आला, आणि मागून एक ‘कॅनॉट’ उपटला. मुलं हे सूत्र घोकतात, गुण मिळवतात आणि विसरतात. मूळ वाक्यात ‘नॉट’ कुठेच दिसत नव्हता, मग तो आला कुठून, हे वर्गात सहसा कुणी विचारत नाही. तो बाहेरून आलेला नाही. दोन ‘ओ’वाल्या त्या टूच्या पोटातच नकार असतो. व्याकरणाने फक्त तो बाहेर काढून दाखवला.

याचा एक पुरावा वाक्यातच सापडतो. इंग्रजीत ‘एनीथिंग’ हा शब्द बहुतेक वेळा प्रश्नाच्या किंवा नकाराच्या सावलीत राहतो. ‘आय सेड एनीथिंग’ असं सुटं वाक्य चालत नाही. ‘आय डिडन्ट से एनीथिंग’ चालतं. पण ‘आय वॉज टू टायर्ड टू से एनीथिंग’ बिनदिक्कत चालतं. नकाराचा एक शब्द नसताना एनीथिंग तिथे सुखाने नांदतो. आत नॉट बसलेला आहे, हे त्याला कळतं.

०

व्हेरी आणि टू यांतला फरक शिकवताना चहाचं उदाहरण घेतात, आणि ते चांगलंच आहे. चहा ‘व्हेरी हॉट’ आहे ही बातमी झाली. चहा ‘टू हॉट’ आहे ही तक्रार झाली. बातमी चहाबद्दल असते, तक्रार चहा आणि जीभ या दोघांबद्दल. त्याच कपातला चहा नातवाला टू हॉट आणि बशीत ओतून फुर्र करणाऱ्या आजोबांना अगदी हवा तसा. तापमान एकच. म्हणजे टू म्हटलं की कुणीतरी आखलेली एक रेघ गृहीत धरलेली असते, आणि ती ओलांडली गेलेली असते. रेघ कुणाची, हे वाक्यात बोललं नाही तरी ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं असतं. व्हेरीला अशी रेघ लागत नाही. तो नुसता वर वर चढतो.

०

मराठीत टूला शब्द नाही, असं इंग्रजी शिकवणारे हमखास सांगतात. ‘फार’ म्हणजे व्हेरी आणि ‘फार’ म्हणजेच टू, संदर्भावरून ओळखायचं. हे अर्धंच खरं आहे. टूचा प्रतिशब्द शोधताना आपण क्रियाविशेषणांच्या खणात हात घालतो. तिथे फार, खूप, जास्त, अति एवढेच सापडतात आणि आपण खण बंद करतो. मराठीने हा ऐवज दुसरीकडे ठेवलेला आहे.

‘हा सदरा मला मोठा होतो.’ या वाक्यात फार नाही, जास्त नाही, अति नाही. तरी इंग्रजीत ते टूशिवाय सांगता येणार नाही. सगळं काम ‘मला’ आणि ‘होतो’ मिळून करतात. त्यातला ‘मला’ काढून बघा: ‘सदरा मोठा होतो.’ आता सदरा रात्रीतून वाढतोय की काय असं वाटतं. ‘मला’ परत घाला, की सदरा जागच्या जागी थांबतो आणि माप चुकल्याचं कळतं. तशीच चप्पल मला लहान होते, बाही आखूड होते, पिशवी जड होते. भाजी मला तिखट लागते, गणित मला जड जातं, हे घर आम्हाला महाग पडतं. इंग्रजी टू ज्या रेघेबद्दल गप्प बसतो, ती रेघ मराठी वाक्याच्या तोंडावरच चतुर्थीत उभी असते: मला, आम्हाला, तिला. कुणासाठी जास्त, हे आधी सांगितल्याशिवाय मराठी पुढे सरकत नाही. मला हा प्रकार इंग्रजीपेक्षा प्रामाणिक वाटतो. ‘भाजी तिखट आहे’ असं म्हणून सगळा दोष भाजीवर ढकलण्यापेक्षा ‘मला तिखट लागते’ म्हणणारा माणूस निदान स्वतःची जीभ पणाला लावतो.

दुसरी जागा शक्य क्रियापदांची. ‘टू वीक टू वॉक’चं तर्खडकरांच्या जुन्या भाषांतरमालेच्या वळणाचं भाषांतर ‘तो इतका अशक्त आहे की तो चालू शकत नाही’ असं होईल. व्याकरणात बसतं, कानाला टोचतं. घरातलं माणूस म्हणतं, ‘त्यांना चालवत नाही.’ संपलं. आईला जिना चढवत नाही. ते दृश्य बघवत नव्हतं. सोसवत नाही, बोलवत नाही, राहवत नाही. मराठी टूमधला नकार उघड करते आणि विशेषण सरळ गाळून टाकते. अशक्त, दमलेला, दुःखी यांपैकी काय ते ज्याचं त्याने ओळखावं. इंग्रजी कारण सांगते आणि परिणाम सुचवते. मराठी परिणाम सांगून कारण गिळते.

०

आणखी एक जागा: चवीचे शब्द. ‘खारे’ शेंगदाणे आपण हौसेने खातो. ‘खारट’ शेंगदाणे परत करतो. आमटी खारट झाली म्हटल्यावर ‘जास्त’ जोडायची गरज उरत नाही, मर्यादा त्या ‘ट’पाशीच ओलांडलेली असते.

०

रंगांची शेपटं तर याहून भारी. पांढराशुभ्र आणि पांढराफटक. दोन्हींत रंग कमाल पांढरा. पण धुतलेलं धोतर पांढरंशुभ्र आणि आजाऱ्याचा चेहरा पांढराफटक. उलट करून बघा, धोतराचाही अपमान आणि आजाऱ्याचाही. केस काळेभोर, अंधार काळाकुट्ट. व्हेरी आणि टू यांतला जो फरक विद्यार्थ्याला इंग्रजीत वर्षभर कळत नाही, तो त्याच्या जिभेवर सहाव्या वर्षापासून आहे. भोर म्हणजे व्हेरी, कुट्ट म्हणजे जवळपास टू. गोडमिट्ट म्हटल्यावर पुरण चांगलं झालं असं कुणी समजत नाही.

हा नियम सगळीकडे चालत नाही. हिरवागारला नकोशा अर्थाचा जोडीदार सापडत नाही. हिरवा कितीही झाला तरी आपल्याला तो बहुधा जास्त होत नसावा. लालभडक कधी कौतुकाने येतो, कधी नाक मुरडत. लालबुंद बहुतेक वेळा रागाने किंवा उन्हाने होतो.

०

इंग्रजीतला दोन ओवाला टू मुळात वेगळा शब्द नव्हताच. ‘कडे’ या अर्थाचा एक ओवाला टू आणि हा, दोघे जुन्या इंग्रजीत एकच. ज्या ठिकाणी आघात पडायचा तिथे उच्चार लांबला, आणि सोळाव्या शतकाच्या सुमारास लिहिताना त्याला दुसरा ओ मिळाला. जर्मनने अजून वाटणी केलेली नाही. तिथला ‘त्सू’ ‘कडे’ही सांगतो आणि ‘जास्त’ही. ‘कडे’पासून ‘शिवाय’, आणि ‘शिवाय’पासून ‘गरजेहून शिवाय’, असा हा प्रवास. एकाच शब्दात ‘सुद्धा’ आणि ‘प्रमाणाबाहेर’ हे दोन अर्थ कसे, याचं कोडं त्याने सुटतं. आधी भर पडते, मग ती नकोशी होते. पाहुण्यांच्या बाबतीत हे आपण अनुभवलेलं असतं.

इंग्रज मुलं मोठेपणीही एक ओ आणि दोन ओ यांत घोळ घालतात. देवनागरीत लिहिणाऱ्याला ती काळजी नाही. दोन, कडे, सुद्धा आणि जास्त या चौघांचा मिळून एकच टू.

०

इंग्रज मूल हा शब्द शिकतं तो तीन अस्वलांच्या गोष्टीतून. एक लापशी टू हॉट, दुसरी टू कोल्ड, तिसरी अगदी बरोबर. रॉबर्ट साउदीने 1837 साली ही गोष्ट छापली तेव्हा अस्वलांच्या घरात शिरणारी सोनेरी केसांची मुलगी नव्हती, एक आगाऊ म्हातारी होती. मुलगी पुढच्या दशका-दीड दशकात आली आणि तिने म्हातारीला कायमचं हुसकावलं. आता खगोलशास्त्रज्ञही ताऱ्यापासून ना फार जवळ ना फार लांब अशा, पाणी द्रवरूपात राहू शकेल त्या पट्ट्याला या मुलीचं, गोल्डीलॉक्सचं, नाव देतात.

गोष्टीतल्या तिसऱ्या लापशीला इंग्रजीत दोन शब्द लागतात, ‘जस्ट राइट’. आपल्याकडे एका शब्दात भागतं: बेताची.

०

आता या शब्दाची सगळ्यात मोठी करामत. पीटर वेसन आणि शुली राइख या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1979 साली एका वाक्यावर निबंध लिहिला. वाक्य रुग्णालयाच्या भिंतीवर शोभेल असं आहे: ‘नो हेड इंज्युरी इज टू ट्रिव्हियल टू बी इग्नोर्ड.’ वाचणारा मान डोलावतो. बरोबरच आहे, डोक्याला लागलेला मार कितीही किरकोळ असो, दुर्लक्ष करू नये.

वाक्य तसं म्हणत नाही. नेमकं उलट म्हणतं.

पडताळा घ्यायचा तर त्याच साच्यातलं दुसरं वाक्य घ्या: ‘नो मिसाइल इज टू स्मॉल टू बी बॅन्ड.’ कुठलंही क्षेपणास्त्र बंदी घालता येऊ नये इतकं लहान नसतं. म्हणजे कितीही लहान असलं तरी बंदी घाला. इथपर्यंत ठीक. आता क्षेपणास्त्राच्या जागी डोक्याचा मार, लहानच्या जागी किरकोळ, बंदीच्या जागी दुर्लक्ष ठेवा. साचा तोच ठेवला तर अर्थ निघतो: कितीही किरकोळ असलं तरी दुर्लक्ष करा. परिचारिकेने हे वाक्य शब्दशः पाळलं तर प्रत्येक रुग्णाला घरी पाठवावं लागेल.

तरीही बहुतेक माणसं ते उलटं वाचतात, आणि समजावून सांगितल्यावरसुद्धा कित्येकांना पटत नाही. मला स्वतःला ते आजही क्षणभर ‘बरोबर’ वाटतं. मग बोट ठेवून एकेक शब्द सोडवावा लागतो. कारण उघड आहे. सुरुवातीला ‘नो’, मध्ये नकार पोटात घेतलेला टू, शेवटी ‘इग्नोर’, म्हणजे लक्ष न देणं. एवढे नकार एका ओळीत आले की हिशेब ठेवायचं डोकं सोडून देतं आणि रुग्णालय काय म्हणत असेल याचा अंदाज बांधतं. त्यात आणखी एक गंमत लपलेली आहे. ‘दुर्लक्ष करता येणार नाही इतकं किरकोळ’ ही कल्पनाच मुळी वेडगळ आहे. किरकोळ गोष्टीकडे तर दुर्लक्ष करणं सोपं असतं. वाक्य आपल्यापुढे एक अशक्य वस्तू ठेवतं आणि आपण शिष्टपणे तिच्याकडे काणाडोळा करून शक्य ते वाचतो.

हे मराठीत आणायचा प्रयत्न केला की भ्रम तुटतो. ‘डोक्याला लागलेला कुठलाही मार दुर्लक्ष करता येऊ नये इतका किरकोळ नसतो’ हे वाचून कुणी मान डोलावणार नाही. पुन्हा वाचेल, वैतागेल. आपल्याकडे ‘कितीही… तरी’ हा सरळ रस्ता असल्यामुळे या गल्लीत शिरायची वेळच येत नाही. कितीही किरकोळ वाटलं तरी दुर्लक्ष करू नका. इथे नकार एकच, आणि तोही जागेवर.

०

याच कुळातलं एक वाक्य शिफारसपत्रांत सापडतं. ‘या उमेदवाराची मी टू हायली शिफारस करू शकत नाही.’ याचा चांगला अर्थ: कितीही शिफारस केली तरी कमीच. वाईट अर्थ: फार शिफारस करवत नाही हो. लिहिणारा दोन्हीकडून सुरक्षित. नोकरी मिळाली तर उमेदवार आभार मानतो, काम बिघडलं तर मालकाला म्हणता येतं, मी लिहिलं होतंच की.

‘यू कान्ट बी टू केअरफुल’मध्येही तेच. कितीही जपलं तरी जास्त होणार नाही. शब्दशः धरलं तर जास्त जपायला मनाई आहे असंही वाचता येईल, आणि मुंबईतला रस्ता ओलांडणाऱ्यांकडे बघितलं तर बहुतेकांनी तसंच वाचलं असावं.

०

शाळेच्या सूत्रात ‘कॅनॉट’ आहे, पण टूच्या पोटातला नकार नेहमी ‘शकत नाही’ असा नसतो. मूल गाडी चालवायला टू यंग असतं, तेव्हा त्याला चालवता येत नाही असं नाही, परवानगी नसते. कुणी उसने मागायला टू प्राउड असतो, तेव्हा मागता येतं पण तो मागत नाही. शक्य नाही, चालत नाही, करणार नाही: तीन वेगळे नकार, आणि टू तिन्ही एकाच आवाजात बोलतो.

यावरून एका अमेरिकन राष्ट्राध्यक्षाची पंचाईत झाली. मे 1915मध्ये जर्मन पाणबुडीने ‘लुसिटानिया’ ही प्रवासी बोट बुडवली, शंभराहून जास्त अमेरिकन माणसं गेली. तीन दिवसांनी वुड्रो विल्सन फिलाडेल्फियात बोलताना म्हणून गेले की एखादा माणूस ‘टू प्राउड टू फाइट’ असू शकतो. त्यांना म्हणायचं होतं, लढणं खाली मान घालायला लावणारं आहे म्हणून लढणार नाही. विरोधकांनी ऐकलं, लढायची हिंमत नाही. थिओडोर रूझवेल्ट यांच्यापासून ब्रिटिश सैनिकांच्या खंदकांपर्यंत त्या शब्दांची टर उडवली गेली. 1917मध्ये विल्सन यांनीच अमेरिकेला युद्धात उतरवलं.

‘टू बिग टू फेल’ हेही याच जातीचं. 1984 साली काँटिनेंटल इलिनॉय ही शिकागोची बँक बुडताना सरकारने सावरली, आणि त्यावरच्या चौकशीत स्टुअर्ट मॅकिनी या काँग्रेस सदस्याने, आता एक नवीन प्रकारची बँक जन्माला आली आहे, असं म्हणत हे नाव गाजवलं. 2008च्या पडझडीनंतर ते जगभर झालं. शाळेच्या सूत्राने सोडवलं तर अर्थ येतो: इतकी मोठी की बुडू शकत नाही. खरा अर्थ: इतकी मोठी की बुडू देता येत नाही. बुडू ती अगदी शकते, म्हणून तर सगळा गोंधळ. आपल्या रिझर्व्ह बँकेने अशा बँकांची यादी सुरू केली ती 2015 साली, स्टेट बँक आणि आयसीआयसीआय या दोघींपासून. 2017मध्ये एचडीएफसी बँक आली. यादीतल्या बँकांना जास्त भांडवल बाळगावं लागतं. या यादीचं सरकारी नाव लांबलचक आणि सभ्य आहे, त्यात ‘टू’ नाही. माझ्या मते ते बरं झालं. बुडू देणार नाही असं आधीच जाहीर केलं की बुडण्याची भीती संपते आणि नको ते उद्योग सुरू होतात.

०

आपल्याकडच्या इंग्रजीत ‘टू गुड’ म्हणजे फारच छान. ‘टू मच यार’ म्हणजे कमाल केलीस. व्याकरणाचे शिक्षक लाल पेन घेऊन धावतात: टू म्हणजे प्रमाणाबाहेर, चांगलं प्रमाणाबाहेर कसं असेल? पण फ्रान्समधली तरुण मुलंही त्यांचा ‘त्रो’, म्हणजे टूचाच भाऊबंद, सर्रास ‘खूप’ या अर्थी वापरतात आणि तिथलेही शिक्षक लाल पेन घेऊन धावतात. खुद्द इंग्लंडात शेक्सपिअरच्या काळात ‘टू टू’ असा दुहेरी प्रयोग नुसता जोर द्यायला होत असे. हॅम्लेटच्या पहिल्या स्वगतात तो येतो, आणि विद्वानांचं भांडण त्यानंतरच्या विशेषणावर आहे. एका जुन्या प्रतीत एक शब्द, 1623च्या प्रतीत दुसरा. टू टूबद्दल मात्र दोन्ही प्रतींचं एकमत. आगरकरांनी 1883मध्ये ‘विकारविलसित’ या नावाने हे नाटक मराठीत आणलं. साधारण त्याच सुमारास लंडनमधले सौंदर्यवादी निळ्या चिनीमातीच्या भांड्यापुढे उभे राहून ‘टू टू’ म्हणत उसासे टाकत होते, आणि गिल्बर्ट-सलिव्हन जोडीने 1881च्या ‘पेशन्स’ या संगीतिकेत त्या मंडळींची रेवडी उडवली होती.

तर अतिरेकाचे शब्द घसरून ‘खूप’वर येतात, हे जुनंच दुखणं. ‘भयंकर सुंदर’ म्हणणाऱ्या आपण या बाबतीत कुणाला नावं ठेवावीत?

०

गंमत म्हणजे बोली मराठीने अतिरेकासाठी इंग्रजीतून शब्द उचलला, तो टू नाहीच. ‘ओव्हर’ उचलला. ‘जास्त ओव्हर करू नकोस.’ ‘तो जरा ओव्हरच आहे.’ इंग्रजाला हे वाक्य अर्धवट वाटेल, ओव्हर काय? आपल्याला पूर्ण वाटतं. ‘लई ओव्हर करायला लागलाय’ असं म्हटलं की कोल्हापूरपासून नागपूरपर्यंत कुणालाही फोड करून सांगावं लागत नाही.

त्याआधी आपण फारसीच्या वाटेने आलेला ‘फाजील’ वापरत होतो. फाजील लाड, फाजील आत्मविश्वास. उर्दूत फाजील म्हणजे विद्वानही. मराठीत येईपर्यंत विद्वत्तेचं काय झालं ते दिसतंच आहे.

०

2006 साली अमेरिकेत तराना बर्क यांनी लैंगिक छळाविरुद्ध ‘मी टू’ हे शब्द वापरायला सुरुवात केली, 2017च्या ऑक्टोबरात ते जगभर गेले, 2018मध्ये भारतात आले. इथला टू ‘सुद्धा’वाला. मराठी वर्तमानपत्रांनी ते देवनागरीत तसंच छापलं, आणि एक योगायोग घडला. इंग्रजीतला ‘मी’ आणि मराठीतला ‘मी’ कागदावर एकच दिसतात. अर्धी घोषणा आधीच मराठी होती. ‘मीसुद्धा’ असं भाषांतर काहींनी केलं, पण ते टिकलं नाही. टिकण्याची गरजही नव्हती.

०

‘टू बिग अ हाउस’. टू आला की विशेषण उचलून ‘अ’च्या आधी ठेवायचं. हे असं का, याचं पटेल असं उत्तर शिक्षकाकडेही नसतं. पाठ करावं आणि पुढे जावं.

०

पाहुण्याने मिठाईचा पुडा आणला की इंग्रज यजमानीण म्हणते, ‘यू आर टू काइंड.’ यात कुठली रेघ ओलांडली गेली? तक्रारीचा शब्द वापरून आभार मानायचे, ही रीत पहिल्यांदा ऐकणाऱ्याला विचित्र वाटेल. पण आपल्याकडच्या काकू दारातच म्हणतात, ‘अहो, कशाला एवढं आणलंत!’ आणि बोलता बोलता पुडा आत जातो. तीच तक्रार, तेच आभार. ‘एवढं’ हा त्या वेळचा टू. तो खऱ्या रागाने कधी येतो ते आवाजावरून कळतं, आणि तेव्हा पुडा टेबलावरच राहतो.

‘नॉट टू बॅड’बद्दलही असंच. इंग्रज माणसाला तब्येत विचारली आणि तो ‘नॉट टू बॅड’ म्हणाला, तर तो ठणठणीत आहे. आपलं ‘चाललंय’ त्याच उंचीचं.

०

‘टू क्लेव्हर बाय हाफ.’ अर्ध्याने जास्त हुशार. अतिरेक मोजायला इंग्रजीने अर्धा घेतला. मराठीनेही अर्धाच घेतला: दीडशहाणा. कुणी कुणाकडून उचललं असेल असं वाटत नाही, दोघांनाही शहाणपण एकापुढे गेलं की अर्ध्यातच नासतं असं दिसलं. पावणेदोन शहाणा कुणी म्हणत नाही.

मात्र पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांच्या अर्ध्याचा हिशेब उलटा. सखारामबापू, देवाजीपंत आणि विठ्ठल सुंदर हे पूर्ण, आणि नाना फडणवीस अर्धे, कारण मसलत होती पण तलवार नव्हती, असं सांगतात. तिथे अर्धा म्हणजे उणीव. उरलेल्या तिघांपेक्षा हा अर्धाच लोकांच्या जास्त लक्षात राहिला, हा भाग निराळा.

०

अमेरिकन मुलांच्या भांडणात टूचा एक तिसराच वापर आहे. ‘यू डिडन्ट.’ ‘आय डिड टू!’ इथे ना ‘सुद्धा’, ना ‘जास्त’. समोरच्याचा नकार मोडून काढायचा, एवढंच काम. शब्दकोश याला नीट नोंदवतात, पाठ्यपुस्तकं वगळतात. इंग्रजी माध्यमातल्या आपल्या मुलांना तो कार्टूनमधून आधी कळतो, व्याकरणातून कधीच नाही. मराठीत हे काम ‘च’ करतो, आणि वर ‘मुळी’ची फोडणी.

‘तू गृहपाठ केला नाहीस.’

‘केलाच आहे मुळी!’

‘नाही केलास.’

‘केला, केला, केला.’